सुहासदादाशी कुलपाचं भांडण

सुहासदादा,

तुला जाऊन आज तेवीस दिवस झाले आणि माझा राग अजून गेलेला नाही. थोडा तुझ्यावरचा, बाकी सगळा माझ्यावरचा. आपलं भांडण मिटलं असं समजून तू गेलास. त्यात मी जिंकले असंही समजून गेलास. दोन्ही खोटं होतं, आणि तुझ्या उशाशी बसून मी ते खोटं तसंच राहू दिलं. आता लिहून काय उपयोग, असं तू विचारशीलच. मलाही माहीत नाही. पण लिहिल्याशिवाय माझं काही खरं नाही.

शैलावहिनीने सांगितलंय लिहायला. म्हणाली, "तो कुठे जन्मला, कुठे शिकला, ते चर्चमध्ये सगळं सांगून झालं. तू तुमच्या त्या कुलपाचं लिही. पण मला कळेल असं लिही हं. तुम्ही दोघं बोलायला लागलात की मी उठून स्वयंपाकघरात जायचे." तेव्हा तुला पाठ असलेल्या गोष्टी आज तुलाच सांगणार आहे. मुकाट्याने ऐकून घे. आयुष्यभर मी तुझं ऐकलंय.

खरंच ऐकलंय रे. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये तुम्ही साळवे वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. दोघांचेही वडील महाराष्ट्रातून येऊन कुठल्याशा मंत्रालयात चिकटलेले. तू माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, म्हणजे माझ्या दृष्टीने जवळजवळ म्हातारा. नाताळला तुमच्याकडून ताट खाली यायचं, दिवाळीला आमच्याकडून वर जायचं, आणि दोन्ही ताटांत त्याच करंज्या आणि तेच शंकरपाळे. माझ्या आईचं म्हणणं, साळवेबाईंच्या करंजीला मोहन कमी पडतं. तुझ्या आईचं म्हणणं, खालच्यांचं सारण कोरडं असतं. एकमेकींना तोंडावर कधी बोलल्या नाहीत, पण तुला आणि मला मात्र दर वर्षी ऐकवायच्या. आपण दोन्हीकडच्या करंज्या खाऊन गप्प बसायचो.

बाबांना घरी यायला उशीर व्हायचा, म्हणून माझ्या शाळेच्या डायरीत ‘गृहपाठ पाहिला’ अशी सही करायचं काम त्यांनी तुझ्यावर टाकलं होतं. दुसरा कोणी असता तर सही ठोकून मोकळा झाला असता. तू एकेक गणित स्वतः सोडवून बघायचास. खाली माझ्या मैत्रिणी पकडापकडी खेळतायत आणि मी जिन्यात बसून तुझ्या पेन्सिलीकडे बघतेय. मी म्हणायचे, "दादा, कर ना सही, यार. टीचर बघत पण नाहीत." तू मान वर न करता म्हणायचास, "टीचर नाही बघत. मी बघतोय ना." असला वैताग होतास तू.

पुढे तुमची बदली झाली, तू शिकायला गेलास, वीसेक वर्षं आपली गाठ नाही. नोएडात सेक्टर बासष्टमध्ये मी नवीन नोकरीवर रुजू झाले त्या सकाळी खुर्चीवर मांडी घालून बसलेला एक माणूस वळला आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा ओरडला, "अगं मुक्ते! तू?" मी भर ऑफिसात तुला "दादा" म्हणाले आणि त्या दिवसापासून सगळं ऑफिस तुला दादा म्हणायला लागलं. दिल्लीत दादा म्हटलं की माणूस बंगाली. तुला दर वर्षी दुर्गापूजेच्या शुभेच्छा यायच्या. तू एकदाही कोणाला दुरुस्त केलं नाहीस. "सेम टू यू" म्हणायचास आणि मिठाईचा डबा ठेवून घ्यायचास. तुझ्या प्रार्थनासभेत आपल्या भाषेतली गीतं ऐकून आपल्या ऑफिसातला बत्रा माझ्या कानात पुटपुटला, "ये बंगाली नहीं लग रहा." मी रडता रडता हसले. तू असतास तर मोठ्याने हसला असतास.

आता कुलपाकडे येते. वहिनी, हे तुझ्यासाठी. आमची कंपनी माहिती साठवायची मोठाली यंत्रं बनवते. त्यांच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइल सिस्टिम नावाचा एक भाग असतो. कोणती फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे, तो फोल्डर आणखी कोणाच्या पोटात आहे, हा सगळा संसार तो भाग सांभाळतो. या संसारात एकाच वेळी शेकडो प्रोग्रॅम हात घालत असतात, म्हणून नियम असा की ज्या फोल्डरमध्ये फेरफार करायचा त्याला आधी कुलूप लावायचं, काम करायचं, कुलूप काढायचं. तोवर बाकीच्यांनी दाराशी थांबायचं. आणि एखादी वस्तू एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवायची असेल तर दोन्हींना कुलूप लावावं लागतं.

भानगड इथेच होती. आमची यंत्रं एका सरकारी कचेरीत बसवली होती, गावोगावचे जुने दस्तऐवज स्कॅन करून ठेवायला. दहा-बारा दिवसांतून एकदा त्यातलं एखादं यंत्र नुसतं उभं राहायचं. ना बिघाड दाखवणार, ना बंद पडणार. नवऱ्याशी अबोला धरलेल्या बाईसारखं गप्प. पुन्हा चालू केलं की ठीक, पण मधल्या वेळात स्कॅन केलेली पानं गेली ती गेलीच. त्यांतली काही मूळ पानं अशी जीर्ण होती की दुसऱ्यांदा स्कॅनरवर ठेवली असती तर हातात भुगा आला असता. तुला यंत्राचं काही वाटलं नाही, त्या पानांचं वाटलं. तीन आठवडे तू डब्यातलं धड जेवला नाहीस.

काय होत होतं ते तू मला दोन वाक्यांत सांगितलंस, आणि ते आपल्या आयांमुळे मला लगेच कळलं. क्वार्टर्समध्ये उन्हाळ्यात सकाळी कसंबसं तासभर पाणी यायचं. पंप आमच्याकडे, लांब पाईप तुमच्याकडे. एका सकाळी माझी आई पंप कवटाळून जिन्यात उभी, "आधी पाईप द्या, मग पंप देते." तुझी आई वर पाईप घेऊन, "आधी पंप द्या, मग पाईप देते." दोघींचं आपापल्या जागी बरोबर. दोघी उभ्याच राहिल्या आणि पाणी गेलं. यंत्रात हेच होत होतं. एका प्रोग्रॅमने पहिल्या फोल्डरला कुलूप लावलं आणि तो दुसऱ्यासाठी थांबला, दुसऱ्या प्रोग्रॅमने दुसऱ्या फोल्डरला लावलं आणि तो पहिल्यासाठी थांबला. आता दोघेही जन्मभर थांबणार.

पण हे नुसतं कळून भागत नाही, घडवून दाखवावं लागतं. आपण एका यंत्रावर दोन प्रोग्रॅम सोडले, एक इकडचं तिकडे हलवणारा, दुसरा तिकडचं इकडे, आणि ते अडकायची वाट बघत बसलो. चौथ्या दिवशी दुपारी यंत्र उभं राहिलं. तू खुर्चीतून उडी मारून टाळ्या वाजवल्यास आणि सगळ्या मजल्याला सामोसे आणवलेस. हाउसकीपिंगच्या बाईंनी विचारलं, "मशीन ठीक हो गई क्या, दादा?" तू म्हणालास, "नहीं आंटी, खराब हो गई!" त्या माउलीने तो सामोसा जरा जपूनच खाल्ला.

तिथपर्यंत आपण एक होतो. पुढे फाटलं.

उपाय दोन होते, एक माझा आणि एक तुझा. माझा देखणा होता, हे आजही म्हणेन. कुणीही कोडमध्ये केलेला बदल यंत्रांच्या आत जाण्याआधी दुसऱ्या कोणीतरी तो वाचून खाली आपलं नाव लिहावं लागतं, की मी हे वाचलंय, माझी खात्री आहे. मी तुझं नाव मागायला आले. तुझी पद्धत सगळ्यांना माहीत होती. तू स्क्रीनवर वाचायचास, मग लिहिणाऱ्याला गेटबाहेर चहाच्या टपरीवर न्यायचास आणि म्हणायचास, घरच्या भाषेत सांग. माझ्याकडून मराठी, बत्राकडून पंजाबी. त्या चेन्नईच्या मुलीकडून तर तू तमिळमध्ये ऐकलंस. मी म्हटलं, दादा, तुला तमिळ ओ की ठो कळत नाही. तू म्हणालास, "कळायला कशाला हवं? ती अडखळते कुठे तेवढं बघतो. तिथे बग असतो." आणि गंमत म्हणजे चूक तिथेच होती.

तर मी सांगायला लागले. दिल्लीत वाढलेलं माझं मराठी, त्यात चार वाक्यांमागे एक हिंदी, पण सांगितलं. एक फोल्डर दुसऱ्याच्या पोटात असेल तर आधी बाहेरच्याला कुलूप, मग आतल्याला. तसं नसेल तर यंत्राने प्रत्येक फोल्डरला दिलेला नंबर बघायचा, ज्याचा लहान त्याला आधी. सगळे हाच क्रम पाळणार, मग अडकायचा प्रश्नच नाही.

"कोण कोणाच्या पोटात, हे कसं कळतं?" तू विचारलंस.

"बघते ना मी. एकेक पायरी वर चढत जाऊन बघते."

"कुलूप लावायच्या आधी बघतेस?"

"अर्थात. बघितल्याशिवाय आधी कुठलं लावू?"

"अच्छा. बघून झालं, लावायचं बाकी आहे. मधे?"

"मधे काय?"

"मधे कुणी तो फोल्डरच उचलून दुसरीकडे नेला तर? तुझ्या मते तो अजून पोटातच आहे."

"दादा, मधे वेळच नाहीये! पापणी लवायला त्याच्या लाखपट वेळ लागतो."

"पण आहे ना?"

मी चहाचा कप आपटला. तुझा उपाय मला पाठ होता. कोणालाही फोल्डरांमध्ये हलवाहलव करायची असेल तर बघायच्याही आधी एकच मोठं कुलूप घ्यायचं, सगळ्या यंत्रात मिळून एकच. ज्याच्याकडे ते, त्यानेच बघायचं आणि त्यानेच हलवायचं. मी म्हटलं, "म्हणजे सगळ्यांनी एका रांगेत उभं राहायचं? रेशनच्या दुकानासारखं?" तू म्हणालास, "हां. रांगेत उशीर होतो, अडकत नाही कोणी." मी म्हटलं, तू म्हातारा झालायस, तुझा कोडही म्हातारा झालाय. म्हटलं ना मी असं? म्हटलं. तू हसलास आणि माझ्या चहाचेही पैसे देऊन टाकलेस. नाव मात्र दिलं नाहीस.

मग मी बत्राकडे गेले. त्याने दोन मीटिंगांच्या मधे दहा मिनिटांत वाचून नाव लिहिलं. तुला ते दुसऱ्या सकाळी दिसलं असणार. तू माझ्या टेबलापाशी आलास, माझ्या स्क्रीनकडे बघितलंस आणि "अच्छा" म्हणालास. फक्त अच्छा. तुझ्याइतका वाईट अच्छा मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. ओरडायचं तरी होतंस! तू वरिष्ठ होतास, थांबवू शकला असतास. नंतर कधीतरी मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "मला खात्री नव्हती ना, मुक्ते. शंका होती. शंकेवर कुणाचं काम अडवायचं नाही, फक्त आपलं नाव द्यायचं नाही."

माझा बदल आत गेला आणि यंत्रं धावायला लागली. महिना गेला, दोन गेले, एकही यंत्र उभं राहिलं नाही. माझं कौतुक झालं, प्रमोशन झालं, त्या बदलावर बोलायला मला बंगळूरला बोलावलं. तू कलाकंद घेऊन आलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "आमच्या जिन्यातली आहे ही." मनापासून म्हणालास. पण भांडण सोडलं नाहीस. कधी कॅबमध्ये, कधी मेट्रोत, कधी रविवारी सकाळी फोनवर एकाच शब्दाचा मेसेज: ‘मधे?’ मी अंगठा पाठवायचे. कधी जीभ काढलेला चेहरा. एकदा मी लिहिलं, ‘दादा, चर्चला जा.’ तू लिहिलंस, ‘चर्चमध्येच आहे. मधे?’

चौदा महिने हे चाललं. आणि त्याच चौदा महिन्यांत तुझं लिव्हर गेलं. आयुष्यात बिअरचा घोट न घेतलेला माणूस तू. डॉक्टरांनी सांगितलं, न पिणाऱ्यांचंही जातं. मी तुझ्यावर चिडले, म्हटलं, जायचंच होतं तर निदान पिऊन तरी घालवायचंस. वहिनी हसली आणि मग पदर तोंडाला लावून बाहेर गेली. तू म्हणालास, "हिला रडवू नकोस यार." पिवळेधमक डोळे, काटकुळे हात, पण बोलणं तेच.

तो मंगळवार आता लिहिते. 

त्या दिवशी सकाळी कॅबमध्ये मला मेल आला होता. त्या कचेरीतलं एक यंत्र उभं राहिलं होतं. एकदाच, चौदा महिन्यांत पहिल्यांदा. सोबत यंत्राची नोंद जोडलेली होती. मी मेलच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि फोन पर्समध्ये टाकला. नोंद उघडली नाही. का नाही उघडली? उघडली असती तर कळलं असतं, म्हणून.

दुपारी भेटायच्या वेळेत हॉस्पिटलात तुझ्याकडे आले. तू उशीवर डोकं टेकून पडला होतास. ऑफिसातल्या चार गप्पा झाल्या आणि तू विचारलंस, "त्या कुलपाचं काय गं? चालतंय?"

आणि मी म्हणाले, "मस्त चालतंय, दादा. एकदा पण नाही अडकलं."

 तू म्हणालास, "मग मीच चुकलो. उगाच अडवलं तुला. इतके महिने पिडलं पण. सॉरी, मुक्ते."

तू कधी कोणाला सॉरी म्हणायचास? मी तुला ओळखायला लागल्यापासून ते पहिलं. मी काय केलं असेल? तुझा हात थोपटला आणि म्हणाले, "जाऊ दे रे." जाऊ दे! मोठ्या मनाची मी! तुझी चूक मी पोटात घातली! आजारी माणसाला कशाला त्रास, असं मी लिफ्टमध्ये स्वतःला सांगितलं. मेट्रोत बसेपर्यंत मला ते पटलंही होतं. खरं कारण इतकं हलकं आहे की लिहायची लाज वाटते. तुझ्याकडून जिंकायला मला बरं वाटलं. सहा वर्षांची असल्यापासून तू माझी गणितं तपासत होतास, आणि एकदा, एकदाच, तू म्हणालास की माझं बरोबर.

त्यानंतर तू सहा दिवस होतास. मी आणखी दोनदा आले. तुला पापलेटचं कालवण हवं होतं आणि डॉक्टर देऊ देत नव्हते, त्यावरच आपण बोलत राहिलो. दोन्ही वेळा तो मेल माझ्या पर्समध्ये होता.

तुला पोचवून आले, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून ती नोंद उघडली.  दहा मिनिटंही लागली नाहीत. एका प्रोग्रॅमने बघितलं, हा फोल्डर त्या फोल्डरच्या पोटात आहे. कुलूप लावायच्या आत तिसऱ्याच कोणीतरी तो फोल्डर उचलून दुसरीकडे नेला. पहिला जुन्या समजुतीवर कुलपं लावत गेला, दुसरा नव्या जागेप्रमाणे उलट्या क्रमाने लावत गेला, आणि दोघे समोरासमोर उभे राहिले. तू टपरीवर जे बोललास तेच, त्याच क्रमाने. पापणी लवायच्या लाखाव्या हिश्शात ते चौदा महिन्यांत एकदा घडलं होतं, आणि त्यात एका गावाची सव्वीस पानं गेली होती. मूळ पानं अजून धड आहेत, पुन्हा स्कॅन झाली. हे तुला आधी सांगायला हवं होतं. पानं सुखरूप आहेत, दादा.

मग मी ते घडवून दाखवायला बसले. बघणं आणि लावणं यांच्या मधे प्रोग्रॅमला मुद्दाम एक क्षण थांबायला सांगितलं, तेव्हा कुठे पाचव्या दिवशी भर दुपारी बारा वाजता यंत्र उभं राहिलं. मी रडायला लागले. बत्रा धावत आला. "क्या हुआ?" मी म्हटलं, "दादा सही थे." त्याने विचारलं, "किस बात में?" मी ती नोंद त्याच्यापुढे उघडली.

तुझ्या उपायाचा कोड तू मला चौदा महिन्यांपूर्वी मेलवर पाठवला होतास. मी तो तेव्हा वाचलाही नव्हता. सगळ्या मिळून एकोणीस ओळी. एका ठिकाणचं नाव मधल्या काळात बदललं होतं तेवढं दुरुस्त केलं, बाकी कानामात्रेचा फरक न करता बसला. मी माझा देखणा कोड काढून टाकला. लिहिणारा म्हणून तुझं नाव घातलं, कारण लिहिलंस तूच. वाचणारा म्हणून कोणाचं घालायचं? बत्रा लगेच म्हणाला, "मेरा डाल दे." मी म्हटलं, नाही. चल खाली. त्याला टपरीवर नेला आणि म्हटलं, पंजाबीत सांग. तो आता आमचा मॅनेजर आहे, पण आला बिचारा. पाऊण तास लागला त्याला. दोनदा अडखळला, दोनदा परत वर जाऊन कोड बघून आला. मग म्हणाला, "पिछली बार मैंने पढ़ा ही नहीं था, यार." म्हटलं, माहीत आहे. म्हणूनच तर तुझ्याकडे आले होते.

प्रत्येक बदलासोबत चार ओळी लिहाव्या लागतात, काय बिघडलं होतं आणि का. बत्राचं म्हणणं होतं, थोडक्यात लिही, जुनी त्रुटी दुरुस्त केली, बस्स. अप्रेझल तोंडावर आलंय, स्वतःच्या पायावर कशाला कुऱ्हाड मारून घेतेस. मी लिहिलं ते असं: माझा आधीचा बदल चुकीचा होता. सुहास साळवे यांनी ही चूक तेव्हाच दाखवली होती आणि मी ऐकलं नव्हतं. ही दुरुस्ती त्यांची आहे. काल ते आत गेलं. ते आता कोणालाही पुसता येणार नाही, मलाही नाही.

पण एक चूक तिथे लिहिता येत नाही. मंगळवारची.

गेल्या रविवारी वहिनीकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडेल.  ती म्हणाली, "त्या दिवशी तू गेल्यावर तो फार खूश होता. म्हणाला, मुक्ताचं बरोबर निघालं बघ, बरं झालं, पानं वाचली. अर्धी वाटी मऊ भात खाल्ला. चार दिवसांत पहिल्यांदा जेवला."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दादा, तू हरलास म्हणून खूश होतास! मी जिंकले म्हणून खूश झाले ती खोट्यावर, आणि तू हरलास म्हणून खूश झालास तेही माझ्याच खोट्यावर. मी वहिनीला म्हटलं, मग मी हे लिहू की नको? असू दे का ते तसंच? निदान त्या वाटीभर भातासाठी?

ती म्हणाली, "लिही. जेवला ते बरंच झालं. पण खोटं कळल्यावर ते ठेवून घेणारा माणूस नव्हता तो. तुला ठाऊक आहे." आणि उठून चहा टाकायला गेली.

म्हणून लिहिलं. यातलं तुला काही पोचणार नाही, तेवढं कळतं मला. तुझी माझ्यावर इतकी माया होती की मी तेव्हा खरं बोलले असते तर तू उठून बसला असतास, उशीला टेकून कागद मागितला असतास आणि म्हणाला असतास, चलो, दाखव कुठे अडकलं ते. मी तुझी ती दुपार खाल्ली. तुला कसलाही त्रास होणार नव्हता, उलट मजा आली असती. हे मला त्या लिफ्टमध्येही माहीत होतं.

तू म्हणालेलं ते सॉरी मी ठेवून घेतलं होतं. ते माझं नव्हतं, दादा. परत घे. चूक माझी होती, दोन्ही वेळची, आणि सॉरी मी म्हणायचं होतं.

तुझी,
मुक्ता